न्हाणीत गीझर लावायच्या आधी

डिसेंबर होता, हरभरा फुलावर आला होता. सकाळी सहाला सासूबाई न्हाणीत गेल्या आणि आतूनच हाक दिली, "सूनबाई, नळाले हात लावला की मुंग्या येतेत वं!" मी पायात चप्पल घालून गेले, कोरड्या हाताने नळ धरला, मला काही लागलं नाही. थंडीने हात बधिर झाले असतील म्हणून मी त्यांना परत आंघोळीला बसवलं. ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

चार दिवसांनी न्हाणीबाहेरच्या बोर्डातून जळका वास आला. प्लग ओढला तर त्याची एक पिन काळी पडली होती आणि सॉकेटचं पांढरं प्लास्टिक तव्यावर विसरलेल्या पोळीसारखं तपकिरी होऊन फुगलं होतं. त्या रविवारी माझा भाचा वर्ध्याहून आला. त्याने आयटीआयला दोन वर्षांचा वीजतंत्रीचा कोर्स केला आहे आणि एका परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली तो काम करतो. मेन पाडून त्याने सॉकेट खोललं आणि मला जवळ बोलावलं. "आत्या, हे पाहा." सॉकेटला भोकं तीन होती, मागे वायरी दोनच. वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकामागचा स्क्रू नवाकोरा चमकत होता. त्याला कधी वायर लागलीच नव्हती.

३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर, ६ अँपिअरचा प्लग, दिव्यांच्या लाइनमधून ओढलेली दीड एमएमची वायर, आणि अर्थिंगचा पत्ता नाही. हे सगळं आम्ही पैसे मोजून करून घेतलं होतं. मग तो गीझर उतरवला आणि काम पहिल्यापासून केलं. ते कसं केलं, काय मागितलं, कुठे अडून बसले, ते सांगते. आमचं गाव आर्वी तालुक्यात आहे. काळी जमीन, बोरचं जड पाणी, आणि घर डीपीपासून, म्हणजे गावच्या रोहित्रापासून, अगदी शेवटच्या खांबावर. तुमचंही असंच असेल तर यातलं बरंचसं तसंच्या तसं लागू पडेल.

वायर जोडायचं काम मात्र कोणी स्वतः करू नका. जाणत्या माणसाकडून करून घ्या आणि तो करत असताना जवळ उभं राहा.

आधी गीझर ठरवा, मग वायर

आमच्याकडे पूर्वी बंबात पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या जाळून पाणी तापायचं. सासूबाईंना धुराचा त्रास होऊ लागला म्हणून गीझर. जुना गीझर उतरवल्यावर मुलीने मोबाइलवर इलेक्ट्रिक शॉवर दाखवला. टाकी नाही, काही नाही, शॉवरच्या तोंडातच पाणी तापतं. भाच्याने लाइटबिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. ५.५ किलोवॅटचा शॉवर म्हणजे ५५०० भागिले २३०, जवळपास २४ अँपिअर. आमच्या मीटरवर ५-३० अँपिअर छापलंय. आंघोळ चालू असताना कोणी टाकी भरायची मोटर लावली की मीटरची ताकद तिथेच संपली. शिवाय बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो. नवं यंत्र धरून घरचा भार त्याच्यावर जात असेल तर महावितरणकडे भार वाढवण्याचा अर्ज आधी करावा लागतो.

दुसरी अडचण पाण्याच्या दाबाची. असल्या शॉवरमध्ये आणि बऱ्याच इन्स्टंट गीझरमध्ये पाणी पुरेशा जोराने आलं तरच आतला स्विच लागतो. टाकी एक मीटर उंच असली की दाब मिळतो ०.१ बार. आमची टाकी स्लॅबवर, दोन फुटांच्या ओट्यावर. शॉवरच्या तोंडापासून धरली तर जेमतेम पावणेदोन मीटर. पुस्तिकेत किमान दाब किती हवा ते छापलेलं असतं. दुकानातच पुस्तिका उघडून ते वाचा.

तिसरी गोष्ट आमच्या भागात सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे व्होल्टेज. थंडीत सकाळी शेवटच्या खांबावर ते १८० पर्यंत उतरतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणून २३० व्होल्टला ३००० वॅट देणारा गीझर १८० ला १८४० वॅटच देतो. पूर्ण व्होल्टेज असलं तरी ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर मिनिटाला २ लिटर पाणी २१ अंशांनी तापवतो. जानेवारीत आमच्या टाकीतलं पाणी १६-१७ अंशांवर असतं. म्हणजे बारीक धारेने ३८ अंशांचं पाणी, आणि १५ लिटरची बालटी भरायला साडेसात मिनिटं. १८० व्होल्टला ते नुसतं कोमट.

म्हणून आम्ही १५ लिटरचा साठवणीचा गीझर घेतला, २ किलोवॅटचा. तो ओढतो ८.७ अँपिअर. १७ अंशांचं पाणी ६० ला न्यायला साधारण बावीस मिनिटं आणि पाऊण युनिट लागतं, आणि त्यात गार पाणी मिसळलं की ४० अंशांचं २८ लिटर होतं. व्होल्टेज पडलं तर पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात, पण पाणी तेवढंच गरम मिळतं. ज्यांना शॉवर हवा त्यांनी याच गीझरच्या नळीवर साधा शॉवर लावावा, मुलगीही आता तेच वापरते. घेताना आयएसआयची खूण आणि स्टार पाहा. या गीझरवरचे स्टार म्हणजे तापलेलं पाणी दिवसभर ठेवलं तर किती वीज वाया जाते त्याचा हिशेब.

भिंतही पाहून घ्या. १५ लिटरचा गीझर भरला की पाणी आणि खोका मिळून पंचवीस किलोंच्या घरात जातो. मातीच्या भिंतीवर तो टांगायचाच नाही. आमची न्हाणी चार इंची विटांची, म्हणून बोल्ट भिंतीच्या आरपार घेऊन मागून लोखंडी पट्टी दिली. गरम पाण्याची नळी सीपीव्हीसीचीच हवी, साधी पीव्हीसी ६० अंशांच्या पाण्याने मऊ पडते.

वायर मोजून घ्या

गीझरसाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी. मधे दिवा नाही, पंखा नाही, कशाचाही जोड नाही. मिस्त्री ज्याला 'चार एमएम' म्हणतात ती ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. २ किलोवॅटला अडीचची चालते, पण उद्या कोणी ३ किलोवॅटचा लावला तर भिंत पुन्हा फोडायची नको, म्हणून आम्ही चारची टाकली. लाल फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची, तिन्ही सारख्याच जाडीच्या. बोर्डात या लाइनला २० अँपिअरची एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, आणि न्हाणीच्या बाहेर २० अँपिअरचा डीपी स्विच. गावात डीपी म्हटलं की रोहित्र डोळ्यांपुढे येतं. इथे डीपी म्हणजे डबल पोल, लाल आणि काळी दोन्ही वायरी एकदम तोडणारा स्विच. साधं बटण एकच वायर तोडतं. न्यूट्रल-फेज उलटे लागले असतील तर साधं बटण बंद करूनही गीझरमध्ये करंट उभा असतो.

कोणाला ५.५ किलोवॅटचा इलेक्ट्रिक शॉवरच लावायचा असेल तर वायर ६ चौरस मिलिमीटरची, एमसीबी आणि डीपी स्विच ३२ अँपिअरचे, आणि प्लग-सॉकेट अजिबात नाही. वायर थेट शॉवरच्या कनेक्टरमध्ये. आधी मीटर आणि मंजूर भार पाहायचा हे आलंच.

वायरवर 'आयएस ६९४' छापलेलं असतं. तेवढ्यावर मी थांबले नाही. घरी आल्यावर चारच्या वायरचा बोटभर तुकडा सोलला, दाणे निवडतो तशा सुपात त्याच्या तारा सोडवल्या आणि एकेक बाजूला सारून मोजल्या. ०.३ मिलिमीटरच्या तारा ५६ भरल्या. दीडच्या वायरमध्ये अशा २२ असतात, अडीचच्या वायरमध्ये ३६. काही कंपन्या तार बारीक घेऊन संख्या वाढवतात, म्हणून जाडी आणि संख्या दोन्ही वेटोळ्यावरच्या चिठ्ठीशी जुळवायची. कमी भरल्या तर वेटोळं परत. दुकानदाराला हे आधीच सांगून ठेवा आणि पक्कं बिल घ्या.

डीपी स्विच कुठे बसवायचा हे सासूबाईंनी ठरवलं. दाराबाहेर, त्यांच्या हाताला सहज येईल अशा उंचीवर, आत शिरण्याआधी दिसेल असा. गीझरच्या वेळी न्हाणीच्या आतला जुना बोर्ड आम्ही काढूनच टाकला.

अर्थिंग

आता खरी गोष्ट. बोरच्या पाण्यातला क्षार गीझरच्या कॉइलवर थर धरतो, थराखाली कॉइल जास्त तापते, तिचं आवरण फुटतं आणि करंट पाण्यात उतरतो. सासूबाईंच्या हाताला आलेल्या मुंग्या तिथून आल्या होत्या. हिरवी वायर असती तर तो करंट गीझरमधूनच जमिनीत गेला असता. ती नव्हती, म्हणून तो पाण्यातून नळात आला आणि रस्ता शोधत ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाकडे गेला.

शेजारीपाजारी विचारलं तर अर्थिंगच्या तीन तऱ्हा सापडल्या आणि तिन्ही जिवावरच्या. एकाने हिरवी वायर बोरच्या केसिंगला बांधली होती. बोरवर मोटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला ते कधी कळणार? दुसऱ्याकडे सॉकेटमध्येच काळ्या वायरीपासून अर्थिंगच्या स्क्रूला जंपर मारला होता. खांबावर न्यूट्रल तुटला की त्या घरातल्या गीझरचं, फ्रिजचं, कूलरचं अंग फेजवर येतं. तिसरी तऱ्हा आपल्याकडे फार चालते. न्यूट्रल गेला की लोक अर्थिंगच्या पाइपवर लाइट चालवतात. त्या वेळी तो पाइप न्यूट्रल झालेला असतो, त्यातून घरभराचा करंट जातो, आणि उन्हाळ्यात जमीन कोरडी असली तर पाइपला हात लावणाऱ्याला झटका बसतो. पोरं त्याच पाइपजवळ खेळतात. न्यूट्रल गेला असेल तर १९१२ ला तक्रार नोंदवा आणि लाइनमन येईपर्यंत मेन बंद ठेवा.

आम्ही पाइपचं अर्थिंग केलं. न्हाणीच्या मागे, भिंतीपासून दीड मीटर सोडून, सांडपाण्याने जिथे ओल राहते तिथे खड्डा. ४० मिलिमीटरचा, अडीच मीटर लांब जीआय पाइप, खालच्या भागाला भोकं पाडलेला. भोवती कोळसा आणि जाडं मीठ असे थर, एक कोळशाचा, एक मिठाचा. वर पाणी ओतायला नरसाळं आणि विटांचा छोटा हौद, झाकणासकट. पाइपला वायर नुसती गुंडाळायची नाही, लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, आणि नटबोल्टने आवळायची, आणि तो जोड मातीत न पुरता हौदात डोळ्यांना दिसेल असा ठेवायचा. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला दोन फुटांवर मुरूम लागतो आणि खाली खडक. तिथे एका खड्ड्याने भागत नाही, दोन पाइप लांब लांब पुरून जोडावे लागतात.

काळ्या जमिनीचं एक लक्षात ठेवा. पावसाळ्यात ती अर्थिंगला उत्तम, पण मार्चनंतर ती भेगाळते आणि पाइपपासून सुटते. आमच्या वावरात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाइपभोवतीही तेच होतं. होळीपासून मृग लागेपर्यंत आठवड्यातून दोनदा नरसाळ्यात बालटीभर पाणी टाका. आम्ही कूलरमध्ये पाणी भरतो त्याच वेळी टाकतो, म्हणजे विसरत नाही.

अर्थिंग असूनही आरसीसीबी का

हे मला सगळ्यात उशिरा कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. भाच्याने विचारलं, "आत्या, गीझरचा करंट अंगाला उतरला, अर्थिंग आहे, तर एमसीबी पडेल का?" मी म्हटलं पडेल. त्याने पुन्हा हिशेब मांडला. खेड्यातलं अर्थिंग समजा १० ओहमचं. २३० भागिले १० म्हणजे २३ अँपिअर. एमसीबी २० ची. तेवढ्याशा जादा करंटने ती तासभरसुद्धा तशीच उभी राहू शकते, आणि तोवर गीझरच्या अंगावर वीज खेळत असते. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. माणसासाठी आरसीसीबी लागते.

आरसीसीबी लाल वायरीतून गेलेला करंट आणि काळ्या वायरीतून परत आलेला करंट यांची सतत तुलना करते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट तिसऱ्याच वाटेने जमिनीत गेला, की ती ०.३ सेकंदाच्या आत लाइन तोडते. फरक मोठा असेल तर ०.०४ सेकंदात. ओल्या अंगाच्या माणसातून याच्या कितीतरी पट करंट जाऊ शकतो. घेताना '३० मिलिअँपिअर' हेच छापलेलं पाहा. १०० आणि ३०० च्याही मिळतात, त्या आग लागू नये म्हणून असतात, माणसाला त्यांचा भरवसा नाही. आम्ही घरासाठी दोन पोलची ४० अँपिअरची घेतली. ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. आरसीसीबी जादा भाराला पडत नाही, म्हणून तिच्यापुढे एमसीबी हवीच.

आमची आरसीसीबी बसली आणि पहिल्याच संध्याकाळी पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी ठीक, संध्याकाळी सातला पुन्हा पडली. भाचा वर्ध्याला परत गेला होता. गावातल्या एका वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, "काकू, गावात कोनाच घरी नाही हे. आपल्याकडं टिकत नाही. डायरेक्ट करून देतो, पाच मिनिटाचं काम." घरचेही वैतागले होते, सोयाबीनचे पैसे अडकलेले, त्यात रोज संध्याकाळी अंधार. मी नाही म्हटलं. दोन रात्री आम्ही कंदिलावर काढल्या.

भाचा शनिवारी आला. मेन पाडून त्याने बोर्डातल्या काळ्या वायरी एकेक सोडवल्या आणि एकेक बाजूला ठेवून मेन चढवत गेला. गोठ्याची काळी वायर सोडली आणि आरसीसीबी पडायची थांबली. गोठ्यातल्या दिव्याचं बटण मी रोज बंद करत होते, पण बटण फक्त लाल वायर तोडतं, काळी जोडलेलीच राहते. वर चढून पाहिलं तर उंदराने काळी वायर बोटभर कुरतडली होती आणि उघडी तार टिनाला टेकली होती. टिन लोखंडी अँगलवर, अँगल जमिनीत. संध्याकाळी गावभर दिवे, टीव्ही, शेगड्या लागल्या की शेवटच्या खांबावरच्या न्यूट्रलला थोडं व्होल्टेज येतं, आणि ते गोठ्याच्या टिनातून जमिनीत जात होतं. म्हणून ती सातलाच पडायची. उंदराने शेजारची लाल वायर कुरतडली असती तर त्या टिनाखाली आमच्या दोन गाई आणि धार काढणारी मी. आरसीसीबी वारंवार पडत असेल तर ती तुम्हाला काहीतरी दाखवते आहे. कुठे ते शोधायला दिवस घालवा, पण ती काढू देऊ नका.

मिस्त्री कसा निवडायचा

महावितरणचा लाइनमन खांबापासून मीटरपर्यंतचा माणूस आहे, घरातलं वायरिंग त्याचं काम नाही. खांबावर निधड्या छातीने चढतो म्हणून गीझरची लाइन त्याला सांगू नका. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांप्रमाणे बल्ब, पंखा, फ्यूज, बटण अशा बदलीच्या किरकोळ कामांपलीकडचं वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं असतं. तालुक्याच्या गावी असे ठेकेदार असतात. नव्या कनेक्शनसाठी टेस्ट रिपोर्ट त्यांच्याच सहीने लागतो, म्हणून गावात नुकतं ज्यांनी घर बांधलं त्यांना विचारलं की नाव कळतं. काम करायला येणाऱ्या पोराकडे तारतंत्रीचं प्रमाणपत्र आहे का तेही विचारा. विचारण्यात संकोच कसला? आपण बी-बियाणं घेताना पिशवीवरचं लेबल वाचतोच ना.

मी तीन जणांना तेच तीन प्रश्न विचारले. गीझरची अर्थिंग कुठून घ्याल? आरसीसीबी किती मिलिअँपिअरची लावाल? लाइन नवीन ओढाल की जवळच्या बोर्डातून? पहिला म्हणाला, "तुम्ही काळजी नका करू, मी पाहतो." दुसऱ्याने अर्थिंगला न्यूट्रल देतो म्हणून सांगितलं. तिसऱ्याने उत्तर देण्याआधी मीटर पाहिलं, बोर्ड खोलून दाखवा म्हणाला, घरामागे जाऊन जमीन पाहिली आणि मग खड्डा कुठे घ्यायचा ते दाखवलं. काम त्यालाच दिलं. त्याची मजुरी सगळ्यात जास्त होती.

लग्नसराईत मांडवाची कामं असतात आणि दिवाळीच्या तोंडावर रोषणाईची, तेव्हा चांगला माणूस घाईत असतो. आम्ही जानेवारीच्या शेवटी, तूर घरात आल्यावर काम काढलं.

बोलणी कागदावर करा. आमचा कागद वहीचं एक पान होता: वायर किती एमएमची आणि कोणत्या कंपनीची, एमसीबी, आरसीसीबी आणि डीपी स्विचचे अँपिअर, अर्थिंगच्या पाइपची लांबी, भिंत बुजवण्याचं काम कोणाचं. सामान आम्ही आणलं, मजुरी वेगळी. अर्धे पैसे पाइप आणि वायर टाकून झाल्यावर, उरलेले चाचणी डोळ्यांनी पाहिल्यावर. ठेकेदाराने कुरकुर केली नाही.

कामाच्या दिवशी

मेन पाडल्यावर घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन बंद असला तरी इन्व्हर्टरच्या लाइनमध्ये वीज असते. मीटरच्या सीलला मिस्त्रीने हात लावायचा नाही. खाचा बुजवण्याआधी भिंतीवर टेप धरून फोटो काढा, दारापासून किती, जमिनीपासून किती. पुढे खिळा ठोकताना तोच फोटो कामी येतो. वायरीला मधे कुठे जोड नको, बोर्डापासून स्विचपर्यंत आणि स्विचपासून गीझरपर्यंत अखंड. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून पाहायला सांगा. ढिल्या स्क्रूनेही सॉकेट जळतं. आमच्या जुन्या प्लगची एकच पिन काळी का पडली होती, त्याचं कारण तेच होतं.

चाचणी मिस्त्रीकडूनच करून घ्या, पण समोर उभं राहून. गीझरच्या धातूच्या अंगापासून अर्थिंगच्या पाइपपर्यंत हिरवी वायर अखंड आहे का, हे तो मीटर लावून दाखवेल. अर्थ टेस्टर असेल तर अर्थिंग किती ओहमचं भरलं तो आकडा विचारून बोर्डाच्या दाराच्या आतून पेनाने लिहून ठेवा, तारखेसह. मग आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबा, ती पडलीच पाहिजे. हे बटण आरसीसीबी चालू आहे एवढंच सांगतं, अर्थिंगचं काही सांगत नाही. आमच्याकडे लाइटबिल आलं की त्या दिवशी ते बटण दाबायचं, असं ठरलेलं आहे.

पहिल्यांदा सुरू करताना आधी गार पाण्याची तोटी उघडा आणि गरम पाण्याच्या नळातून अखंड धार पडेपर्यंत थांबा. टाकी भरल्याशिवाय स्विच लावला तर कॉइल कोरडी तापून जळते. थर्मोस्टॅट ५५-६० च्या वर नको. जादा दाब सोडणारा छोटा व्हॉल्व्ह येणाऱ्या नळीवर असतो, त्यातून कधी थेंब पडले तर घाबरून चिंधीने बांधू नका, ते त्याचं काम आहे. आणि आंघोळीला आत जाण्याआधी स्विच बंद. पाणी तापलेलं असतं, तापत ठेवून नाहायचं काही कारण नाही. सासूबाई आता स्वतःच्या हाताने स्विच पाडतात, लाल दिवा गेला का ते वाकून पाहतात आणि मगच दार लावतात.

कोणाला झटका बसलाच तर त्याला धरायला धावू नका. आधी मेन पाडा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडावर उभं राहून कोरड्या काठीने त्याला वेगळं करा, आणि तो बरा दिसला तरी दवाखान्यात न्या.

जड पाण्याच्या गावात गीझर दर वर्षी थंडीच्या आधी खोलून घ्यावा. आमचा पहिल्या वर्षी खोलला तेव्हा तळातून ओंजळभर पांढरी कपची निघाली. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी असते, ती अर्ध्यापेक्षा जास्त झिजली असेल तर बदलायची. हे काम भाचा दिवाळीला येतो तेव्हा करतो. त्याच दिवशी अर्थिंगच्या हौदाचं झाकण काढून नटबोल्ट गंजला आहे का ते मी पाहते, आणि गोठ्यातली वायर टॉर्च मारून शेवटपर्यंत तपासते.